वाँडरलॉज घेताय? आधी इंजिनाची पाटी वाचा

निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन अमेरिका पालथी घालायची, आणि तीही जुनी ब्लू बर्ड वाँडरलॉज, असे ठरवलेल्या आपल्या मंडळींची पत्रे मला सतत येतात. प्रश्न तेच ते असतात. सोफ्याचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो, मागे कोणते इंजिन आहे ते मात्र विचारावे लागते. डिझेलमध्ये हात काळे करण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरे देऊन टाकतो.

वाँडरलॉज म्हणजे मुळात स्कूलबसच, असे शेजारी म्हणतात. खरे का?

खरे. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीच्या ज्या घराण्याने १९२७ मध्ये पोलादी सांगाड्याची बस बांधली, त्याच्याच कंपनीने १९६३ मध्ये आपल्या बसच्या सांगाड्यावर घर चढवले. यात लाजण्यासारखे काय आहे?

एफसी, पीटी, डब्ल्यूबी, एलएक्स... यात सर्वांत चांगले मॉडेल कोणते?

सर्वांत चांगले म्हणजे ज्याचा देखभालीचा कागद न् कागद जपलेला आहे ते. पण फरक समजून घ्या. एफसी म्हणजे इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. एफसी-३१, ३३, ३५ अशा (आकडा लांबीचा, फुटांत) या गाड्यांत बहुधा कॅटरपिलरचे ३२०८ हे व्ही-८ डिझेल असते. उन्हाळ्यात घाटात ते मांडीशी शेकोटी पेटवते आणि नवरा-बायकोला ओरडून बोलावे लागते. ऐंशीच्या दशकात पीटी आल्या. त्यात इंजिन मागे गेले, मागच्या बाजूला जोड धुरा आला आणि डेट्रॉइट डिझेल कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन बसले. पुढची डब्ल्यूबी-४० ही रुंद अंगाची, ९६ ऐवजी १०२ इंचांची. नव्वदच्या दशकात धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकचे दिवस संपले. एलएक्स मालिकेत डेट्रॉइटचे सीरीज ६० आले, सहा सिलिंडर एका ओळीत, फोर-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे. शेवटी एम-३८० आणि एम-४५० निघाल्या. २००७ मध्ये ब्लू बर्डने हा धंदाच विकून टाकला आणि थोड्याच वर्षांत वाँडरलॉज बंद पडली.

म्हणजे नाव एक, पण गाड्या निराळ्या. एकीचा सल्ला दुसरीला लावू नका. विकणाऱ्याने सांगितलेल्या वर्षावरही विसंबू नका, कारण मधल्या काळात इंजिन बदललेले असू शकते. पाटीचा फोटो मागवा आणि तो जड डिझेलच्या जाणकार मेकॅनिकला दाखवा.

कॅट ३२०८ हे ‘वापरा आणि फेका’ इंजिन आहे, असे ऐकले. घेऊ नये का?

ऐकले कुणाकडून? या इंजिनात बदलता येणाऱ्या लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतो त्या सुट्या नळ्या, नाहीत; सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले आहेत. त्यामुळे ते झिजल्यावर पूर्ण उघडून बांधणे महाग पडते, आणि बरेच जण चालू स्थितीतले दुसरे इंजिन बसवतात. ‘फेका’ हा शब्द तिथून आला. ते लवकर मरते असा त्याचा अर्थ नाही. ऑइल तपासणीचा अहवाल घ्या आणि मग ठरवा.

आम्ही १९९० ची डब्ल्यूबी-४० घेतली, इंजिन डेट्रॉइट ८ व्ही ९२. टू-स्ट्रोक आहे, तर आपल्या जुन्या बजाज स्कूटरसारखे डिझेलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचे का? दुसरा मित्र म्हणतो, ट्रकवाल्यांचे १५-डब्ल्यू-४० ऑइल कशालाही चालते.

दोन्ही मित्रांना चहा पाजा, पण गाडीपासून लांब ठेवा.

स्कूटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, जाते, म्हणून ऑइल पेट्रोलातच मिसळावे लागते. डेट्रॉइटमध्ये तसे काही नाही. याला ट्रकसारखी खाली ऑइल साठवणारी टाकी आहे, पंप आहे, फिल्टर आहेत. हवा आत ढकलायला ब्लोअर आहे, त्याच्या जोडीला टर्बो. ही हवा लायनरच्या मधल्या भोकांतून शिरते आणि जळलेला धूर डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. आठ सिलिंडर, प्रत्येकी ९२ घन इंच, म्हणजे सुमारे दीड लिटर, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर पेटतो. विश्रांतीचा फेरा नाहीच. डिझेलमध्ये टू-टी घालून तुम्ही फक्त काजळी वाढवाल.

आता १५-डब्ल्यू-४०. पिस्टनच्या रिंगा प्रत्येक फेऱ्यात त्या भोकांवरून घासत जातात आणि तिथली उष्णता भयंकर असते. अशा मल्टिग्रेड (थंडीत पातळ, गरम झाल्यावर दाट राहणाऱ्या) ऑइलला ‘४०’चा दाटपणा देणारी रसायने अशा माऱ्यात तुटतात, आणि उरते ते पातळ पाणी. शिवाय राखेचा मुद्दा आहेच. अशा ऑइलमध्ये राख करणारे घटक जास्त असले की ती राख एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आणि रिंगांच्या खाचांत साचते. म्हणून या इंजिनाला डेट्रॉइटने सांगितलेले ऑइल म्हणजे सिंगल ग्रेड एसएई-४० (हा दाटपणाचा आकडा), एपीआय सीएफ-२ दर्जाचे (ही टू-स्ट्रोक डिझेलसाठीची प्रत), सल्फेटेड राख, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, १ टक्क्याच्या आत. डब्यावर हे सगळे नीट लिहिलेले असते. आजच्या ट्रकसाठीचे महागडे ऑइल ‘त्याहून भारी’ असेलही, पण ते दुसऱ्या इंजिनासाठी भारी आहे.

झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांपासून सावध राहा. त्यांच्याकडे एकच पिंप असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते ‘एकदम योग्य’ असते. एका दुकानातून आलेल्या गाडीच्या बिलावर मी ‘डिझेल ऑइल, सर्व प्रकारांसाठी’ असे वाचले आहे. मालक खूश होता, वीस डॉलर वाचले म्हणून. तो पुढे किती खर्चात पडला ते इथे लिहीत नाही, कारण तो हे वाचतो.

आधी रॉकर कव्हरवरची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरची, पाटी बघा. मॉडेल नंबर ८०८७ ने सुरू होत असेल तर ते ८ व्ही ९२ आहे. १५-डब्ल्यू-४० आधीच घातले असेल तर घाबरू नका, बदलून घ्या, ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि टू-स्ट्रोक डेट्रॉइट उघडलेला मेकॅनिक शोधा. असे मेकॅनिक आता म्हातारे झालेत, तेव्हा लवकर शोधा.

त्याच इंजिनाचा तापमानाचा काटा चढावर २१० फॅरेनहाइटपर्यंत जातो. गेल्या उन्हाळ्यापासून होते आहे. जुन्या गाडीत चालायचेच ना?

गेल्या उन्हाळ्यापासून? आणि तुम्ही मला आता विचारताय?

चालायचे नाही. ९२ मालिकेचे लायनर थेट पाण्यात बसलेले असतात आणि त्यांना रबरी रिंगांचे सील असते. इंजिन पुन्हा पुन्हा तापले की ते सील जातात, मग पाणी ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग खलास होतात. रेडिएटर मागे असल्याने रस्त्याची धूळ आणि इंजिनाचे ऑइल मिळून त्याच्या पत्र्यांवर चिखल बसतो. बऱ्याचदा रोग तेवढाच असतो. कधी थर्मोस्टॅट, कधी पंखा. चढावर वरच्या गिअरमध्ये गुरगुरत नेणे हेही कारण असते. खालचा गिअर घ्या, इंजिनाचे फेरे मिनिटाला १८०० च्या वर ठेवा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर किल्ली फिरवू नका, जड वाहने ओढून नेणारा टो-ट्रक बोलवा. दिसले नाही तरी या आठवड्यात कूलिंगची दाब तपासणी करून घ्या.

तीस वर्षांत फक्त २८,००० मैल चाललेली एक मिळते आहे, टायरची नक्षीही नवी कोरी. सोने आहे ना?

उभी राहिलेली गाडी आहे. ‘कमी मैल’ हा विकणाऱ्याचा लाडका शब्द. उभ्या गाडीत सील सुकतात, एअर ब्रेकच्या टाक्यांत पाणी साचते, डिझेल शेवाळते, आणि पोलादी अंगाला चाकांच्या कमानीत आणि सामानाच्या कप्प्यांखाली गंज लागतो. वरून रंग मारून तो झाकता येतो, म्हणून टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा. टायरची नक्षी बघू नका, कडेला ‘डॉट’ खुणेपुढचे शेवटचे चार आकडे वाचा: ३४१२ म्हणजे २०१२ चा ३४ वा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर फेकायचा, नक्षी कितीही देखणी असो. स्वतंत्र तपासनीस तुम्ही नेमा, विकणाऱ्याचा ‘ओळखीचा’ नको.

हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटे इंजिन चालू करून ठेवतो. बरोबर?

चूक. दहा मिनिटांत इंजिन गरम होत नाही, आत फक्त बाष्प जमते. न्यायची तर तीस-चाळीस मैल न्या, नाहीतर नीट बंद करून ठेवा. जनरेटर मात्र महिन्यातून एकदा भार देऊन चालवा.

१९९१ ची डब्ल्यूबी-४० पुण्याला पाठवता येईल का?

विसरा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, ही तिथली मूळ अट आहे. तरीही हट्ट असेल तर पैसे भरण्याआधी कस्टम एजंटला भेटा.

कॅलिफोर्नियात राहतो. साधा लायसन्स चालेल ना?

४० फुटांच्या वर गाडी गेली तर नाही, तिथे बिगर-व्यावसायिक क्लास बी लायसन्स लागतो. टेक्साससारख्या राज्यांत लांबीऐवजी वजन बघतात. आपल्या राज्याच्या डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या आरटीओला, विचारा.