वसंतात घरी थोडं बागकाम आणि बेकिंग सुरू करायचं आहे. नोकरी सांभाळून जमेल का, आणि लोकांना यात रोज एवढा आनंद कशाचा मिळतो?

जमेल. मी ही दोन्ही कामं गेली काही वर्षं स्वयंपाकघराच्या एकाच खिडकीपाशी करते आहे, तीही नोकरी सांभाळून. दोन्हींत आपला हात दिवसाकाठी फार तर पंधरा मिनिटं लागतो. बाकीचं काम ऊब करते.

आनंद कशाचा, तर मला तो आधी या उबेचाच वाटतो. थंडीत माझं ब्रेडचं पीठ दुप्पट फुगायला तीन-साडेतीन तास घेतं. मग एक दिवस असा येतो की तेच प्रमाण, तेच भांडं, आणि दोन तासांतच पीठ काठाशी आलेलं असतं. मी बी पेरायला तारीख बघत नाही. त्या दिवशी बियांचा ट्रे काढते. यीस्टला साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं आणि टोमॅटो आणि बेझिल (तुळशीच्या जातीची सुवासिक वनस्पती) यांचं बीही २१ ते २७ अंशांतच पटकन रुजतं. पीठ आणि माती एकाच हवेत बसलेली असतात, त्यामुळे एकाने दिलेली खबर दुसऱ्यालाही लागू पडते.

बी किती खोल पेरायचं, हे नवीन माणूस हमखास विचारतो. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस. बेझिलचं बी तर नुसतं भुरभुरवून वर चिमूटभर माती टाकली तरी पुरतं. माती ओलसर हवी, चिखल नको. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळी चहाआधी ट्रेवर वाकून बघायची सवय लागते. टोमॅटोचा कोंब सरळ वर येत नाही. आधी दिसते ती वाकलेली मान, केसाच्या जाडीची, फिकट पांढरी. डोकं अजून मातीतच असतं. कोवळी पानं खरचटू नयेत म्हणून रोप वाकलेल्या मानेनेच माती सारत येतं. दुपारपर्यंत मान ताठ होते, आणि कधी कधी पानांच्या टोकावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. ते ओढून काढू नका, पाण्याचा एक थेंब सोडा. तासाभरात मऊ पडून निसटतं. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलंय, तरी दर वेळी हातातलं काम थांबतंच.

पहिल्या वर्षी माझी जवळपास सगळी रोपं गेली. उजेड कमी पडला म्हणून ती उंच, बारीक झाली. त्यात मी रोज पाणी ओतत राहिले आणि एका सकाळी सगळी बुंध्याशी मऊ पडून आडवी. फार वाईट वाटलं होतं. म्हणून सांगते, रोपं कोलमडतात ती जास्त ओल आणि कोंडलेल्या हवेमुळे. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला, आणि ट्रे रोज अर्धा फिरवा. रोपं उजेडाकडे झुकतातच. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घातल्या, तर ते कोंब उजेडाकडे वळेनात. १८८० साली त्यांनी हे मांडलं. उजेड कळतो तो टोकाला, वाकतो तो खालचा भाग. ट्रे फिरवला की संध्याकाळपर्यंत सगळ्या माना पुन्हा खिडकीकडे.

आता ब्रेड. ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. वजनकाटा घ्याच, वाटीच्या मापाने दर वेळी वेगळं होतं. जोर लावून मळायचीही गरज नाही. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग ओल्या हाताने गोळ्याची एक कड उचला, ताणा, दुमडा. भांडं फिरवत चारही बाजूंनी हेच. अर्ध्या-अर्ध्या तासाने असं तीन-चारदा. पहिल्या वेळी पीठ तटकन तुटतं, हाताला चिकटतं. चौथ्या वेळी तेच पीठ इतकं ताणतं की त्यातून उजेड दिसावा. पिठातली प्रथिनं पाणी मिळालं की आपापली जुळत जातात. ते बोटांना कळतं, हे मला फार आवडतं. मग गोळा झाकून दुप्पट फुगू द्या, आकार द्या आणि पुन्हा थोडा फुगला की भाजा. कामाच्या दिवशी मात्र आकार देण्याआधी हा गोळा रात्री फ्रिजमध्ये ठेवा. आंबणं मंदावतं, थांबत नाही, आणि चवही वाढते. सकाळी आकार द्या, पुन्हा फुगू द्या.

भाजायला झाकणाचं जाड भांडं ओव्हनमध्येच आधी खूप तापवून घ्या. २३० अंशांवर २५ मिनिटं झाकून, मग १५ मिनिटं उघडं. झाकणाखाली वाफ कोंडते, वरची साल मऊ राहते आणि ब्रेडला वर उसळायला वाव मिळतो. बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, निदान एक तास थांबा, नाहीतर आतून चिकट लागतो. त्या तासात कान जवळ न्या. गार होताना कवच आकसतं आणि बारीक तडतड ऐकू येते.

दोन्ही छंद एकत्र येतात ते पानांपाशी. रोझमेरी आणि थाईम उष्णता सोसतात, ती पिठातच घाला. बेझिल मात्र ओव्हनमध्ये काळं पडतं, ते भाजून झाल्यावर हाताने फाडून वरून टाकायचं. आणि बेझिल खुडायला बिचकू नका. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडला की तिथून दोन फांद्या फुटतात. जो नियमित खुडतो त्याचंच झाड दाट होतं. रोझमेरी बियांपासून करू नका, फार रेंगाळते. बोटभर लांबीची कोवळी फांदी, खालची पानं काढून, ओलसर मातीत खोचा. काही आठवड्यांत मुळं धरते. पुदिना वेगळ्याच कुंडीत हवा, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

सगळं एकदम घेऊ नका. या आठवड्यात फक्त बेझिल आणि लहान गोल मुळे पेरा. मुळे २५ ते ३० दिवसांत खायला मिळतात, धीर टिकायला ते बरं. पहिला ब्रेड सुट्टीच्या दिवशी करा आणि पीठ दुप्पट व्हायला किती वेळ लागला ते वहीत लिहा. पहिला कोंब दिसला तो दिवसही त्याच पानावर लिहा. पुढच्या वसंतात बी कधी पेरायचं, हे मग कुणाला विचारावं लागणार नाही.