परसातलं काय न्यावं, काय राहू द्यावं

प्रश्न : रामबागेतलं आमचं जुनं घर विकतो आहोत. दिवाळीच्या आत सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचंय, बाल्कनी पश्चिमेला आहे. परसात बारा वर्षांचा मोगरा, कढीपत्ता, कागदी लिंबू आणि सासूबाईंनी लावलेला आंबा आहे. मोठे गमले आणून ठेवलेत. पाऊस संपला की सगळं खणून नेऊ का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पाऊस संपायची वाट पाहू नका, या जुलैतच कामाला लागा. खणून न्यायचा तो फक्त मोगरा. बाकीच्या तिघांची पोरं न्यायची, आईबाप जागेवरच राहू द्यायचे.

आधी कागदाचं बघा. जमिनीत मुळं धरलेलं झाड कायद्यानं जमिनीसोबतच विकलं जातं (मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882). म्हणून काय नेणार ते करारात लिहून घ्या.

मोगरा फूटभर उंचीवर छाटा. खोडापासून वीतभर अंतरावर अर्धं वर्तुळ आखून फूटभर खोल चर खणा, आडवी येणारी मुळं धारदार कात्रीनं कापा आणि चर पालापाचोळ्याचं खत व वाळूनं भरा. चार आठवड्यांनी उरलेलं अर्धं वर्तुळ. मधल्या काळात कापलेल्या टोकांशी बारीक तंतुमुळं फुटतात, पाणी ओढतात ती हीच. एका दिवसात उपटलेला मोगरा वाळतो तो ती नसल्यामुळे.

सप्टेंबरात उघडीप मिळाली की मुळांसकट मातीचा गड्डा उचला, पण वाफसा आल्यावरच. माळव्याची काळी माती कोरडी असली की भेगाळून गड्डा फुटतो, चिखल असला की स्वतःच्या वजनानं मुळांवरून निसटते. वाफसा आलाय का ते बघायला मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा व्हावा, पडल्यावर फुटावा आणि हाताला चिकटू नये. गड्डा ओल्या गोणपाटात घट्ट बांधून तो नीट मावेल अशा मोठ्या कुंडीत बसवा. त्याआधी हुमणीच्या पांढऱ्या अळ्या आणि वाळवी नीट बघून घ्या. नको तो पाहुणा सातव्या मजल्यावर न्यायला नको. पंधरा दिवस सावली, दीड महिना खत बंद.

लिंबाची गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून घ्या. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडून तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढा. खालचा बुळबुळीत थर सुरीनं खरवडायला विसरू नका. बहुतेक गुट्या इथंच फसतात, कारण तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. मॉस (रोपवाटिकेत मिळणारं सुकं शेवाळ) भिजवून पिळून मूठभर लावा, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळा. वरचं टोक सैल राहिलं तर पाणी शिरून कुजतं. सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळं दिसू लागतात. ती तपकिरी व्हायला लागली की फांदी गुटीच्या खाली अर्धी कापा, आठवड्यानं पूर्ण. दोन-तीन गुट्या बांधा, एखादी हमखास दगा देते.

कढीपत्त्याच्या बुंध्याभोवती पोरं येतात, त्यातली हातभर उंचीची दोन निवडा. लगेच उपटू नका. आईकडून येणारं मूळ कुदळीनं तोडून पोर तिथंच महिनाभर राहू द्या, म्हणजे ते स्वतःची मुळं धरतं.

गमला म्हणा की कुंडी, तिच्यात नुसती काळी माती भरू नका. वाळली की ती कडेपासून सुटते आणि पाणी कडेकडेनं खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग जाड वाळू. नुसत्या ओल्या मातीची 14 इंची कुंडी 35-40 किलोपर्यंत भरते. या मिश्रणानं वजन बरंच उतरतं. तरीही कुंड्या भिंतीलगत ठेवा, बाल्कनीच्या मोकळ्या कडेला नको. इतक्या उंचीवर वारा माती लवकर सुकवतो, तेव्हा वर दोन बोटं पालापाचोळा पसरा.

प्रश्न : आणि आंबा? जात माहीत नाही, पण तसला गोडवा दुसरीकडे मिळत नाही. कोय लावली तर?

उत्तर : कोयीतून तोच आंबा येईल असं धरून चालू नका, आपल्याकडच्या बहुतेक जातींत रोप आईसारखं निघत नाही. कलमच हवं. पेन्सिलीएवढी, तीन-चार महिन्यांची काडी निवडा, टोकाचा डोळा फुगलेला पण न उमललेला. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापा. मग वीतभर काडी तोडून ओल्या फडक्यात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवसांत रोपवाटिकेत पोचवा, त्यांच्याकडच्या खुंटावर (मुळं धरलेल्या आंब्याच्या रोपावर) कलम बांधून घ्या. जुलै-ऑगस्ट हेच त्याचे दिवस. फ्लॅटच्या कुंडीत मात्र हे झाड कोंडू नका. महू-देपालपूरकडे कुणा नातलगाचं शेत असेल तर पुढच्या पावसाळ्यात बांधावर लावा, शेजारच्या झाडापासून तीस फूट सोडून.