ऑनलाइन कॅमेरा घेताना दुकानदार खरा की खोटा, हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही निपाणीत लग्नाच्या ऑर्डरी घेता, दसऱ्याआधी सोनीची फुल-फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्सशिवाय) घ्यायची आहे. एका वेबसाइटवर ती बाकीच्यांपेक्षा जवळजवळ पाव किमतीने स्वस्त दिसतेय. व्हॉट्सअॅपवर बोलणं झालंय आणि तो माणूस निम्मे पैसे आधी यूपीआयने मागतोय. पाठवू का?

पाठवू नका. निदान खालच्या गोष्टी तपासल्याशिवाय तरी नकोच.

नव्या बॉडीवर अधिकृत डीलरला सुटतं ते फार थोडं. कंपनीची एमओपी, म्हणजे बाजारात विकायची किंमत, ठरलेली असते, त्यामुळे बेंगळुरू, कोल्हापूर, पुणे कुठेही विचारा, फरक थोडाच निघतो. वर एखादं कार्ड किंवा बॅग मिळेल इतकंच. किंमत पाव हिश्श्याने खाली येते तेव्हा तीनपैकी एक गोष्ट असते. माल मुळात नसतोच, किंवा माल ग्रेचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला असतो, किंवा बॉक्समधून काहीतरी काढून घेतलेलं असतं. वापरलेला पीस नवा म्हणून देणं मी तिसऱ्यातच धरतो.

सुरुवात जीएसटी नंबरापासून करा. वेबसाइटवर नसेल तर मागून घ्या. 'बिलावर येईल की' असं म्हणाला तर तिथेच थांबा. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये तो टाकला की लॉगिन न करता नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. साइट म्हणते 'मुंबईतली वीस वर्षं जुनी पेढी' आणि नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, व्यवसाय तयार कपड्यांचा, तर काय ते समजून घ्या. (जीएसटीच २०१७ च्या जुलैपासून आहे, त्यामुळे नोंदणी त्याआधीची दिसणार नाही, तो दोष नव्हे.) मोठ्या दुकानांचे दोन-तीन राज्यांत वेगवेगळे नंबर असतात, पण मधला पॅन सगळीकडे तोच असतो.

त्याच पानावर 'रेग्युलर' की 'कंपोझिशन' (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना) तेही लिहिलेलं असतं. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही आणि बिलावर कर वेगळा दाखवताही येत नाही. असा दुकानदार महाराष्ट्रातून निपाणीला कॅमेरा पाठवतो म्हणत असेल, तर ते बिल टिकणारं नाही.

बिलातला कर आपल्या सीमाभागात विशेष बघावा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी. १,७७,००० रुपयांच्या बिलात मूळ किंमत १,५०,००० आणि कर २७,०००. विकणारा बेंगळुरूचा किंवा हुबळीचा असेल तर तो कर सीजीएसटी (केंद्राचा) १३,५०० आणि एसजीएसटी (राज्याचा) १३,५०० असा फुटेल. कोल्हापूर, मुंबई किंवा दिल्लीहून निपाणीच्या पत्त्यावर माल येत असेल, तर २७,००० चा आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा) एकाच ओळीत हवा. दिल्लीच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी दिसलं, तर ते बहुधा कॉम्प्युटरवर नुसतं सजवलेलं बिल असतं. तुमच्या स्टुडिओचा २९चा नंबर असेल तर तो बिलावर घालून घ्या. महाराष्ट्राचा एसजीएसटी लावलेल्या बिलाचा कर तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळता होणार नाही.

नंबर खरा निघाला तरी तो त्याच माणसाचा आहे कशावरून? नावाजलेल्या दुकानाचं नाव, लोगो, जीएसटी नंबर सगळं उचलून, वेबसाइटच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून साइट उभी करतात. म्हणून साइटवरच्या नंबरावर फोन करू नका. कंपनीच्या भारतातल्या साइटवर अधिकृत डीलरांची यादी असते, तिथला नंबर घ्या आणि विचारा : 'ही साइट तुमचीच काय?' दोन मिनिटांचं काम आहे. पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नावही बघा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं. बिल पेढीच्या नावाचं आणि खातं भलत्याच माणसाचं, तर व्यवहार तिथेच सोडायचा.

आता ग्रे मालाबद्दल. ग्रे म्हणजे नकली नव्हे. कॅमेरा अस्सल असतो, पण कंपनीच्या भारतातल्या शाखेने आणलेला नसतो, त्यामुळे इथली वॉरंटी त्याला नसते. दुकानदार 'शॉप वॉरंटी' देतो म्हणतो. म्हणजे तो दुकान बंद करून जाईपर्यंतची. ओळखायला सोपी खूण बॉक्सवरच असते. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार बाहेरून आलेल्या वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, तयार झाल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापलेला हवा. हा स्टिकर नसेल, किंवा त्यावर कंपनीऐवजी अनोळखी ट्रेडरचं नाव असेल, तर माल ग्रेचा. म्हणून ऑर्डरीआधी बॉक्सच्या त्या बाजूचा फोटो मागा, सीरियल नंबर दिसेल असा. 'स्टॉक गोडाऊनमध्ये आहे, फोटो जमणार नाही' असं उत्तर आलं तर माल त्याच्या हातात नाही. जपानी बाजारातल्या सोनीच्या बॉडीत बहुतेक वेळा मेनू फक्त जपानीत असतो आणि भाषा बदलता येत नाही, हेही ठाऊक असू द्या.

ग्रे कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. एखादी जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर चालून जाईल. पण सीझनच्या मधोमध शटर गेलं की बॉडी हुबळीला, पुण्याला की बेंगळुरूला न्यायची हा प्रश्न आपल्याला असतोच. तिथे काउंटरवर 'हा सीरियल आमच्याकडे नाही' असं ऐकावं लागलं, तर वाचलेले वीस-पंचवीस हजार दुरुस्तीत आणि बुडालेल्या ऑर्डरीत जातात. खरेदीआधी कंपनीच्या साइटवर आपल्याला जवळचं सर्व्हिस सेंटर कोणतं ते बघून ठेवा.

ऑर्डर दिल्यावर 'कन्फर्म करायला' फोन येतो तो नीट ऐका. 'सर, या किमतीत बॅटरी धरलेली नाही, तुम्ही कॉम्बो घ्या.' बॅटरी, पट्टा, बॉडी कॅप कंपनीच्या बॉक्समध्येच येतात. ते काढून वेगळे विकायची ही जुनी रीत आहे. कंपनीच्या साइटवर बॉक्समध्ये काय काय येतं त्याची यादी असते, ती फोनवर वाचून दाखवा आणि 'यातलं प्रत्येक द्याल, असं मेसेजवर लिहा' म्हणा. नकार दिला की ऑर्डर 'आउट ऑफ स्टॉक' होते, आणि तेच बरं. लेन्स पांढऱ्या साध्या खोक्यात आली तर ती किट (बॉडी आणि लेन्सचा एकत्र बॉक्स) फोडून काढलेली असते. लेन्स वाईट नसते, पण वॉरंटीचं कार्ड आणि सीरियल बिलावर आहेत का ते बघा.

मोठ्या मार्केटप्लेसवर 'सोल्ड बाय'च्या पुढचं नाव बघायचं. माल त्यांच्या गोडाऊनमधून येतो म्हणून विकणारा अधिकृत होत नाही. काल मोबाइल कव्हर विकणारा आज दीड लाखाची बॉडी लावतो आणि रेटिंगच्या चांदण्या कव्हरच्याच असतात. कॅमेऱ्याला पुष्कळदा पैसे परत नसतात, फक्त बदली मिळते, तीही ठरावीक दिवसांत. ती ओळ आधी वाचा.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. माल आला नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे परत, मागता येतो. यूपीआयने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे परत आणणं फार अवघड. 'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा' हा तर सरळ डल्ला आहे, कारण पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

पार्सल आलं की उघडण्याआधी व्हिडिओ चालू करा आणि मध्ये कुठेही थांबवू नका. लेबल, सहाही बाजू, टेप, सील, मग बॉडीच्या तळाचा सीरियल. तो बॉक्सवर, वॉरंटी कार्डावर आणि बिलावर एकच हवा. ओपन बॉक्स डिलिव्हरी मिळत असेल तर उघडून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. खानापूर तालुक्यातल्या आडगावांच्या पिनकोडवर ही सोय नसेल तर पार्सल बेळगावातल्या ओळखीच्या पत्त्यावर मागवा.

निकॉन असेल तर पहिला जेपीईजी कॅमेऱ्यातून थेट घेऊन एक्झिफटूल या फोटोची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, दिसतो. कारखान्यातल्या चाचणीचे थोडे क्लिक निघतात, हजारो निघाले तर पीस वापरलेला आहे. जुनी लेन्स मागवली असेल तर टॉर्च मारून आतली बुरशी बघा. आपल्याकडच्या आणि कोकणातल्या पावसात ती हमखास धरते.

सोबत 'फ्री' आलेल्या कार्डावर लग्न शूट करू नका. १२८ जीबीचं खरं कार्ड विंडोजमध्ये साधारण ११९ दाखवतं, पण नकलीही तेवढंच दाखवतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफ३ हा कार्ड तपासायचा प्रोग्रॅम चालवून कार्ड पूर्ण भरून परत वाचून घ्या. नकली कार्डात खरी जागा संपली की पुढच्या फायली वरवर दिसतात, उघडत मात्र नाहीत. सोनीच्या एनपी-एफझेड१०० बॅटरीवर २२८० एमएएच असतं. त्याच नावाने ३००० लिहिलेली दिसली तर ती सोनीची नव्हे.

एवढं करूनही फसगत झाली, तर पैसे गेल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला तर रक्कम दुसऱ्या खात्यांत पसरते. दुकान खरं पण अडून बसलंय, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागलं नाही, तर २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. विकणारा दिल्लीचा असला तरी केस बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील 'हा तर धंद्यासाठी घेतलेला कॅमेरा' म्हणेल. स्वतः शूट करून त्यावर पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.