पोरी, आधी लिहायला शीक

पोरी,

परवा पार्क स्टेडियमच्या गेटपाशी भेटलीस आणि एका दमात सगळं बोललीस. आई म्हणते आत्ताच पोलीस शिपाई भरती दे, अकॅडमीतले सर म्हणतात डिग्री करून फौजदार हो, मैत्रीण म्हणते पहिलं वजन कमी कर. तेव्हा मी नुसती मान हलवली. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिलं तुझ्या उंचीचं. 156 भरली म्हणालीस. शिपाई भरतीला मुलींना 155 लागते, एमपीएससीच्या फौजदाराला 157. मग त्या एका सेंटीमीटरसाठी लटकायचे व्यायाम कशाला करायलीस? तुझा रस्ता मोजपट्टीनं ठरवलाय. बारावी झालीय, अठरा पूर्ण आहेत, भर फॉर्म. डिग्री सोडू नको मात्र, ती नोकरी लागल्यावर पण कामाला येते.

मैदानाचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदाच्या आत आलं की 20 पैकी 20, मग 100 मीटर, मग चार किलोचा गोळा, सगळे मिळून 50 मार्क आणि त्यात निम्मे तरी पाहिजेतच, नाहीतर लेखीला बोलवतच नाहीत. पळायलीस चांगली. मे महिन्यात दुपारी पळू नको एवढंच सांगतो, सोलापूरच्या उन्हाला कुणाची जिद्द कळत नाही.

आता माझं म्हणणं ऐक. लेखी परीक्षा 100 मार्कांची, दीड तास, गणित, बुद्धिमत्ता, जीके, मराठी व्याकरण, सगळं गोल काळे करायचं. म्हणजे एक वाक्य सुद्धा स्वतःच्या हातानं न लिहिता पोरगं पोलीस होतं. आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दिवसापासून काम काय? लिहिणं. फिर्याद लिही, जबाब लिही, पंचनामा लिही, स्टेशन डायरी लिही. ठाण्यात साहेबाच्या हाताखाली तपासाचे कागद करतो त्याला रायटरच म्हणतात, आणि चांगला रायटर असला की साहेब त्याला बदलीवर सोडायला तयार नसतो. म्हणून म्हणतो, लिहायला शीक.

मी शिकलो नव्हतो. तेव्हा मला पण पळण्याचीच घमेंड होती. एका वर्षी गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त होता, होम मैदानावर दोन दिवस उभा, पायाचे गोळे झालेले, आणि रात्री एका म्हातारीच्या घरात चोरी आणि मारहाण. मी गेलो, सगळं पाहिलं, पण पंचनामा तिथं लिहिला नाही. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतल्या आणि सकाळी ठाण्यात बसून आठवून लिहिला. दार पश्चिमेला होतं, मी पूर्वेला लिहिलं. दाराच्या वर बल्ब होता, त्याच उजेडात तिनं त्या माणसाला ओळखलं होतं, आणि मी बल्ब लिहिलाच नाही. कोर्टात वकिलानं एवढंच विचारलं, उजेड कशाचा होता? कागदावर नाही म्हणजे नव्हता. आरोपी सुटला. बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, साहेब, तुम्हीच आला होता नं घरी? बल्ब बघितला नव्हता का?

तीस तास झोप नव्हती गं. हे कारण मी अजून सांगतो, घरात सांगतो, आत्ता तुला पण सांगितलं. माणूस किती ताणून धरणार? पण त्या म्हातारीला ते कारण सांगायला माझं तोंड उघडलं नाही, यातच काय ते आलं.

त्यानंतर मी जागेवर बसल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. साहेब बोंबलायचे, उशीर होतोय म्हणायचे, होऊ दे. खात्यांतर्गत फौजदाराची परीक्षा होती तेव्हा बरोबरचे बसले, मी बसलो नाही, सहाय्यक फौजदार म्हणून रिटायर झालो. लोक म्हणतात घाबरला. घाबरलो नव्हतो, माझ्या हातातले कागद अर्धे टाकून मला अभ्यासाला बसायचं नव्हतं. बरोबर केलं असंच मला वाटतं. तू मात्र संधी आली तर बस, माझं बघू नको.

कुणी म्हणेल आता मोबाईलवर शूटिंग करतात, लिहायचं काय काम. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदे आलेत, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंच आहे, चांगलं आहे. माझ्या वेळी असतं तर तो बल्ब दिसला असता. पण व्हिडिओत दिसेल ते कागदावर पण तसंच पाहिजे, नाहीतर वकिलाला आयतं मिळालं. लिहायला शीक म्हणतो ते याच्यासाठीच.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. तू घरात तेलुगू बोलतेस, गल्लीत कन्नड ऐकतेस. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, बाई तिच्या भाषेत सांगते तेव्हा मी शेजाऱ्याला विचारून विचारून मराठीत उतरवायचो, मधेच काय गळायचं कुणास ठाऊक. तुझ्या हातून ते गळणार नाही. हे अकॅडमीत कुणी सांगितलं का तुला? नसणारच सांगितलं.

ट्रेनिंगची भीती नको. आपल्या केगावला सेंटर आहे, तुला कुठं पाठवतील ते तुझ्या हातात नाही, पण पीटी, परेड, हत्यार, कायदा सगळीकडे तेच, आणि पहाटे उठायची सवय तुला आहेच. कायद्याच्या तासाला झोपू नको. सगळे झोपतात.

रविवारी घरी ये. येताना एक पान लिहून आण, तुमच्याच घराचं. दार कुठल्या दिशेला, कडी आतून का बाहेरून, बल्ब कुठं, विड्यांचं सूप कुठं ठेवलंय, दारातून रस्ता किती पावलं. आत बसून आठवून लिहू नको, उंबऱ्यात उभी राहून लिही. मी तुमच्या घरी येऊन ताडून बघणार आहे.

तुझा काका