छत्री लहान करण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : स्कायडायव्हिंगचा परवाना मी दुबईत घेतला असून आतापर्यंत माझ्या साधारण ३१० उड्या झाल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक दुबई आणि थायलंडमध्ये, तर काही हरियाणातील नारनौल येथे झाल्या. माझे वजन ७४ किलो आहे आणि मी ‘सेबर २’ ही १७० चौरस फुटांची कॅनॉपी (पॅराशूटचे कापडी छत्र) वापरतो. माझा एक मित्र त्याची वापरलेली ‘कटाना १३५’ निम्म्या किमतीत देऊ करत आहे. मला स्वूपिंग, म्हणजे जमिनीलगत वेगाने लांबवर तरंगत जाऊन उतरणे, शिकायचे आहे. तीनशे उड्यांनंतर १३५ चालते, असे मित्राचे म्हणणे आहे. ही कॅनॉपी घ्यावी का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : घेऊ नये. किंमत मोहात पाडणारी आहे हे मान्य, परंतु आज ही कॅनॉपी आपल्यासाठी नाही.

प्रथम हिशेब पाहू. विमानातून बाहेर पडताना आपल्या शरीराबरोबर हार्नेस (अंगावरचे पट्टे), मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॅनॉपी, हेल्मेट आणि कपडे यांचेही वजन असते. हे सामान साधारण १२ किलो धरले तर एकूण वजन ८६ किलो, म्हणजे सुमारे १९० पौंड होते. या पौंडांना कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागले की विंग लोडिंग मिळते. आपल्या सध्याच्या १७० वर ते सुमारे १.१२ आहे, १५० वर ते १.२७ होईल आणि १३५ वर १.४१. आकडे जवळजवळचे दिसतात, म्हणूनच ते फसवे आहेत. उड्डाणाचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १७० वरून १३५ वर गेल्यास वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढेल. उतरताना काही चुकले तर पायांना आणि कण्याला जी ऊर्जा सोसावी लागते, ती मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. ती वाढ सुमारे २६ टक्के, म्हणजे सव्वापट आहे.

हा केवळ आकाराचा फरक झाला. सेबर २ चा आराखडा कडांकडे किंचितच निमुळता होतो. कटाना ही नऊ कक्षांची (हवेने फुगणाऱ्या कप्प्यांची) असली तरी पूर्णपणे लंबवर्तुळाकार आहे आणि तिची ठेवण पुढे अधिक झुकलेली आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला उघडताना. कॅनॉपी उघडत असताना आपले खांदे किंवा कंबर थोडी जरी तिरकी असली तरी ती त्या बाजूला वळते. दोऱ्यांना पीळ पडला, तर सेबर २ पुष्कळदा सरळ उडत राहते आणि पीळ सोडवायला वेळ देते. लंबवर्तुळाकार कॅनॉपी मात्र गरगरत खाली झेपावू शकते, आणि मग मुख्य कॅनॉपी सोडून राखीव उघडण्याचा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. दुसरा परिणाम वळणानंतरचा. वळण सोडल्यावर कॅनॉपी आपोआप सपाट उड्डाणावर यायला जी उंची खाते, ती कटानामध्ये लांब असते. स्वूप करणाऱ्यांना हाच गुण हवा असतो, कारण या लांब झेपेतच वेग साठतो. परंतु वळण किती उंचीवर सुरू करायचे याचा अंदाज ज्याच्या अंगवळणी पडलेला नाही, त्याच्यासाठी हाच गुण घातक ठरतो. त्याच कंपनीची ‘स्टिलेटो’ही लंबवर्तुळाकार आहे, पण ती वळणातून लवकर सावरते. तेव्हा केवळ ‘लंबवर्तुळाकार’ एवढ्या वर्णनावरून निवड करता येत नाही.

आता मित्राच्या ‘तीनशे उड्यां’विषयी. अमेरिकेतील प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांचा एक प्रसिद्ध ठोकताळा आहे : विंग लोडिंगची कमाल मर्यादा १.० पासून धरावी आणि दर १०० उड्यांमागे तीत ०.१ मिळवावे. या हिशेबाने आपली मर्यादा १.३ च्या आसपास येते. १५० तीत बसते, १३५ बसत नाही. शिवाय ही कमाल मर्यादा आहे. तिथवर पोहोचलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे नाही. आणि आमच्या मते मुंबईच्या स्कायडायव्हरने तो आकडाही थोडा कमी करूनच घ्यावा. या शहरात नियमित चालणारा ड्रॉप झोन, म्हणजे उड्या मारण्याचे केंद्र, नाही. इकडच्या माणसाला विमानाचे तिकीट काढूनच उडी मारायला जावे लागते. पुण्याच्या शीतल महाजन यांची २०१८ मधली नऊवारीतली गाजलेली उडीही थायलंडमध्येच झाली. त्यामुळे आपल्याकडे उड्या सलग होत नाहीत, सुट्टीसुट्टीने होतात. आठवडाभरात भरपूर उड्या, मग कित्येक महिने एकही नाही, आणि पुढच्या सहलीच्या पहिल्याच दिवशी तीच वेगवान कॅनॉपी. जो माणूस दर शनिवार-रविवार उडतो त्याचे ३१० आणि आपले ३१० एकच नव्हेत. कॅनॉपी निवडताना स्वतःच्या सर्वोत्तम दिवसाचा विचार करू नये. दीर्घ खंडानंतरच्या पहिल्या उडीला, अनोळखी मैदानावर, बदलत्या वाऱ्यात जी कॅनॉपी सुखरूप उतरवता येईल, तिचा विचार करावा. हवामानही हिशेबात धरावे लागते. दुबई किंवा नारनौलच्या उन्हाळ्यात तापमान २० अंशांऐवजी ४० असले, तर हवा विरळ झाल्याने तीच कॅनॉपी सुमारे ३ टक्के अधिक वेगाने जमिनीकडे येते.

उड्यांच्या संख्येपेक्षा कौशल्य अधिक विश्वासार्ह आहे, आणि ते आपल्या सध्याच्या १७० वरच तपासता येते. या खेळातले अनेक जीवघेणे अपघात व्यवस्थित उघडलेल्या, निर्दोष कॅनॉपीखाली होतात. बहुधा घडते असे की समोर अचानक अडथळा दिसतो, किंवा वाऱ्याची दिशा चुकल्याचे शेवटच्या क्षणी लक्षात येते, आणि हात नकळत एकच टॉगल (ब्रेकच्या दोरीची मूठ) खोल ओढतो; मग कॅनॉपी वळत जमिनीकडे झेपावते. म्हणून दोन्ही टॉगल अर्धे ओढून, उंची फारशी न गमावता घेतलेले सपाट वळण आपल्याला इतके सरावाचे हवे की घाबरल्यावरही हात तेच करतील. ते आधी हजार मीटरच्या वर घोटून घ्यावे. फ्लेअर, म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारणे, सुरू असतानाच थोडी दिशा बदलता आली पाहिजे. आडव्या वाऱ्यात, अजिबात वारा नसताना आणि थोड्या उतारावरही पायांवर उतरता आले पाहिजे. ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत पुन्हा पुन्हा उतरता आले पाहिजे. ब्रेकची दोरी तुटली तर मागच्या रायझरवर (हार्नेसला दोऱ्या जोडणाऱ्या पट्ट्यांवर) उतरावे लागते. तो सराव प्रथम उंचीवर करावा, कारण मागच्या रायझरने कॅनॉपी टॉगलच्या तुलनेत फारच अचानक स्टॉल होते, म्हणजे हवेचा आधार सुटून कोसळते. यातले जे १७० वर जमत नाही, ते १३५ वर जमण्याची शक्यता नाही.

हे सर्व येत असेल तर आमचा सल्ला असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी : एकतर आकार, नाहीतर आराखडा. सेबर २ चीच १५० घ्यावी आणि तिच्यावर एक पूर्ण हंगाम काढावा. त्यानंतर स्वूपिंगची ओढ टिकून असेल, तर आकार १५० च ठेवून लंबवर्तुळाकार कॅनॉपीकडे जावे, तेही कॅनॉपीचे प्रशिक्षण देणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखाली. मोठ्या ड्रॉप झोनवर कॅनॉपी चाचणीसाठी किंवा भाड्याने मिळतात, तेव्हा विकत घेण्यापूर्वी ती उडवून पाहावी. आपल्या कंटेनरमध्ये (पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीत) १५० नीट बसते का, हे उत्पादकाच्या तक्त्यावरून पाहून घ्यावे. १७० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १३५ सैल राहण्याची शक्यता होती, आणि सैल पिशवीमुळे बंद करणारी पिन पुरेशी घट्ट बसत नाही. हा खर्च मित्राच्या निम्म्या किमतीत धरलेला नव्हता, हे ओघाने आलेच.

प्रश्न : माझे वजन ४९ किलो असून मी १३५ ची कॅनॉपी वापरते. माझे विंग लोडिंग जेमतेम १ आहे. मग मी १०७ घेतली तरी ते सव्वाच्या आसपासच राहील ना? माझ्या सुमारे १८० उड्या झाल्या आहेत.
– एक वाचक, दादर

उत्तर : भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. कॅनॉपी लहान झाली की तिच्या दोऱ्याही आखूड होतात, आणि दोरी आखूड केलेला झोपाळा जसा भरभर हलतो तशी ती कॅनॉपी आपल्या प्रत्येक हालचालीला अधिक चटकन प्रतिसाद देते. सव्वा विंग लोडिंगची १०७ ही त्याच विंग लोडिंगच्या १७० पेक्षा कितीतरी चपळ असते. तिच्यावर छोटी चूकही मोठी होते आणि ती सुधारायला उंची कमी उरते. म्हणून हलक्या वजनाच्या व्यक्तींनी ठोकताळ्यातली मर्यादा आहे तशी लागू करू नये. आपल्यासाठी पुढची पायरी १२० आहे, आणि तीही १८० उड्यांवर घाईने घेण्याची गरज नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात मागे ढकलले जाण्याची भीती हलक्या जम्परना वाटते, आणि ती खरी आहे. पण त्यावरचा उपाय लहान कॅनॉपी हा नाही. अशा दिवशी जमिनीवरच थांबावे.

प्रश्न : क्रॉस-ब्रेस्ड कॅनॉपी सामान्य वापरासाठी घेता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘व्हेलॉसिटी’ किंवा ‘लेया’सारख्या कॅनॉपींत तिरप्या पट्ट्यांनी प्रत्येक कक्षाचे तीन भाग केलेले असतात, त्यामुळे पंख ताठ राहतो आणि कार्यक्षमता वाढते. त्या दोनच्या आसपासच्या विंग लोडिंगसाठी बनवलेल्या असतात. स्पर्धक तर त्याहून बरेच वर जातात. सवडीने उडणाऱ्यासाठी त्या नाहीत. एक बाब आवर्जून पाहावी : राखीव कॅनॉपी आपोआप उघडणाऱ्या सायप्रेस उपकरणाची नेहमीची आवृत्ती सुमारे २२५ मीटर उंचीवर ताशी १२६ किलोमीटरच्या आसपास खाली येण्याचा वेग आढळल्यास कार्यान्वित होते, आणि तीव्र स्वूपमध्ये हा वेग गाठला जाऊ शकतो. त्यासाठी वेगळी आवृत्ती मिळते.

प्रश्न : वापरलेली कॅनॉपी घेताना काय तपासावे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती कशी ठेवावी?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : कापडाकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण आधी दोऱ्या पाहाव्यात. स्पेक्ट्राच्या (एका कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्या स्लायडरच्या, म्हणजे उघडण्याचा वेग आवरत दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या, घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने आखडतात, आणि त्या सारख्या आखडत नाहीत. कडेच्या आणि ब्रेकच्या दोऱ्या जास्त आखडतात. ब्रेकच्या दोऱ्या आखूड झाल्या की कॅनॉपीची मागची कड सतत थोडी ओढलेली राहते, आणि फ्लेअर करताना अपेक्षेपेक्षा लवकर स्टॉल होतो. व्हेक्ट्रन या दुसऱ्या धाग्याच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजतात. दोऱ्यांची लांबी उत्पादकाच्या तक्त्याशी परवानाधारक रिगरकडून (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून) ताडून घ्यावी, आणि दोऱ्या बदलण्याचा खर्च आधीच किमतीतून वजा करून बोलणी करावी. त्यानंतर कापडावरील रंग उडालेले भाग, ठिगळे आणि टोकाकडचे कक्ष पाहावेत. उन्हातील अतिनील किरण नायलॉन कमकुवत करतात.

जून ते सप्टेंबर कॅनॉपी कोरड्या, अंधाऱ्या कपाटात सिलिका जेलसह ठेवावी आणि मधूनमधून सावलीत, हवेशीर खोलीत पसरून पाहावी. ओलसर ठेवल्यास बुरशी धरते आणि धातूच्या कड्या गंजतात. समुद्रात उतरणे झाले असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीतच वाळवावी. अनेक फ्लॅटमध्ये रिकामी जागा म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी सामान ठेवले जाते; कॅनॉपी तिथे कधीही ठेवू नये, कारण आम्लाने नायलॉनचा धागा कुजतो आणि ते कापडाकडे नुसते पाहून नेहमीच ओळखता येत नाही.