७ ने भागताना ८ च्या जागी १ ठेवला तर चालतं, मग घातांकात का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २ च्या १०० व्या घाताला ७ ने भागल्यावर उरणारी बाकी काढताना पुस्तकात ८ खोडून सरळ १ लिहिलाय, ते कसं काय चालतं? आणि चालत असेल, तर १०० ची बाकीही २ येते, मग २ चा वर्ग ४ हेच उत्तर का धरू नये?

दुसरा भाग खरा मजेशीर आहे, पण आधी पहिला उरकू. ७ ने भागून १ उरतो अशा सगळ्या संख्या एकत्र घ्या: …, −१३, −६, १, ८, १५, २२, … हा एक इक्विव्हॅलन्स क्लास. असे क्लास सातच, आणि कुठलाही पूर्णांक त्यातल्या नेमक्या एकात असतो. १ हा त्याच्या क्लासचा सोयीचा प्रतिनिधी, एवढंच. आता (७क + अ)(७ख + ब) हा कंस सोडवा. अ×ब सोडून बाकीच्या प्रत्येक पदात ७ आहे. म्हणजे गुणाकार कुठल्या क्लासात पडणार, हे तुम्ही कोणता प्रतिनिधी घेतलात यावर ठरतच नाही. बेरजेचंही तेच. म्हणून ८ च्या जागी १ बिनधास्त ठेवा. २ चा घन ८, म्हणून २ चा १०० वा घात म्हणजे तेहतीस ८ एकमेकांशी गुणलेले, आणि वर एक २ ने गुणलेलं. बाकी २.

घातांकाला मात्र ही हमी कोणी दिलेली नाही. तो क्लासातला सदस्य म्हणून आलेलाच नसतो. किती वेळा गुणायचं, एवढंच तो सांगतो. २ च्या घातांच्या बाक्या लिहून बघा: २, ४, १, २, ४, १… हे चक्र तीनाचं आहे, साताचं नाही. म्हणून १०० ला ३ ने भागायचं, १ उरतो, उत्तर पुन्हा २. पाया ३ घेतलात तर ३, २, ६, ४, ५, १ असं सहाचं चक्र मिळतं. भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला त्याने भाग जात नसेल, तर घातांकातून भाजकापेक्षा एकाने कमी असलेली संख्या हवी तितक्या वेळा वजा करता येते, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्येच सांगून ठेवलंय. दोन संख्या एकाच क्लासातल्या आहेत हे दाखवणारं ≡ हे चिन्ह जर्मन गणितज्ञ गाउसच्या १८०१ च्या ग्रंथातून आलं, म्हणजे बरंच नंतर.

असाच घोळ दोन्ही बाजूंचा सामाईक गुणक छाटताना होतो. भाजक ९ असताना ६×१ आणि ६×४ दोन्हींची बाकी ६. पण ६ छाटलात तर १ आणि ४ एकाच क्लासातले ठरतात, जे साफ चूक आहे. ६ आणि ९ मध्ये ३ सामाईक आहे, म्हणून ही गडबड. ७ सारख्या मूळ संख्येला, छाटायची संख्या ७ च्या पटीतली नसेल तर, हे भय नाही.

आणि कोड लिहीत असाल तर एक लक्षात ठेवा: −७ % ३ (% म्हणजे भागून उरलेली बाकी) ला जावा −१ म्हणते, पायथन २. क्लास एकच, प्रतिनिधी वेगळे. म्हणून जावात विषम संख्या ओळखायला २ ने भागून बाकी १ आहे का हे तपासू नका (ऋण संख्येला ती −१ येते), ० नाही ना हे तपासा.