जो दारातून आत येणार, तोच फोटोत हवा

अरे,

तुझा भला मोठा मेसेज वाचला. सोबतचे सेल्फी बघितले, आणि कुठल्याशा अ‍ॅपमधून गोरे करून पाठवलेले दोन फोटोही बघितले. प्रश्न तरी किती विचारलेस! गालावरचे मुरुमांचे खड्डे लेझरने घालवू का, नाक फार मोठं दिसतं का, दाढी ठेवू की काढू, जिममधला ट्रेनर म्हणतो तसं ऑडिशनसाठीच्या फोटोशूटच्या आधी दोन दिवस पाणी बंद करू का, आणि ‘पाच लूक’वाल्या पॅकेजचे पैसे भरू का. पण हे फोटो बघणार कोण आणि कशासाठी, हे काही तू विचारलं नाहीस. तिथूनच सुरुवात करू. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात, जिथे ऑडिशन चालतात, तू जाऊन आलायस, त्यामुळे तिथला प्रकार तुला सांगायला नको. गल्लीत पोरापोरींची रांग, दारावर नट निवडणाऱ्या कास्टिंगवाल्यांचा असिस्टंट, आणि त्याच्या तोंडी ‘फिट’ किंवा ‘नॉट फिट’. आता समज, त्याने तुला बोलावलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तुझा फोटो बघून. फोटोत गुळगुळीत गालांचा, उजळ रंगाचा, फुगलेल्या दंडांचा एक मुलगा आहे आणि दारात तू उभा आहेस. तू तोंड उघडायच्या आधीच तो वैतागलेला असतो. त्याला दिग्दर्शकापुढे एक माणूस उभा करायचा होता आणि आलाय भलताच. तुझं काम चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, तिथवर गोष्ट जातच नाही. जो दारातून आत येणार, तोच फोटोत हवा. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

आधी गाल. मुरुमांचे खड्डे फोटोत उठून दिसतात ते सावलीमुळे. दिवा बाजूला ठेवून उजेड गालाला घासत गेला, की प्रत्येक खड्ड्याच्या एका कडेला बारीक सावली पडते आणि गालाची चाळण झाल्यासारखी दिसते. तोच दिवा सॉफ्टबॉक्समध्ये, म्हणजे पांढऱ्या कापडाच्या पेटीत, घालून मोठा केला, किंवा खिडकीवर पांढरा पडदा ओढला, उजेड समोरून थोडा वरच्या अंगाने घेतला आणि छातीशी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, की त्या सावल्या भरून निघतात. गाल तोच राहतो, खुणा त्याच राहतात, पण बघणाऱ्याची नजर गालावर न अडकता थेट डोळ्यांपर्यंत पोचते. हे काम फोटोग्राफरचं आहे. पहिल्याच भेटीत ‘ते सगळं फोटोशॉपमध्ये काढून टाकू’ म्हणणारा माणूस दिवा हलवायचे कष्ट वाचवतोय, असं खुशाल समज.

लेझर तुला स्वतःसाठी करून घ्यायचं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना भेट, त्यांच्या वेळापत्रकाने कर. या शूटसाठी नको. लाल झालेली, पापुद्रे सुटलेली कातडी कुठल्याही मेकअपखाली झाकली जात नाही. फोटोतून काय काढायचं आणि काय नाही, याचा आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यातला जुना नियम सोपा आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार ते काढलं तरी चालतं. काल उगवलेली पुटकुळी, दाढी करताना लागलेलं ब्लेड, मच्छर चावल्याचा फोड. जे राहणार आहे ते राहू द्यायचं. तुझ्या भुवईवरची टाक्यांची खूण तर मी कुणालाही पुसू देणार नाही.

आणि रंग. गोरेपणाच्या क्रीमनेसुद्धा २०२० साली नावातला ‘फेअर’ काढून टाकला, आणि तू अ‍ॅपमधून स्वतःला गोरं करून मला पाठवतोस? मला राग आला, खरं सांगतो. का आला तेही सांगतो.

माझ्या आईला लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडभर व्रण होते. तिचा एकच नीटसा फोटो माझ्याकडे आहे, स्टुडिओत जाऊन काढलेला. त्या काळी रिटचिंग निगेटिव्हवर चालायचं. सावलीची जागा निगेटिव्हवर पारदर्शक असते; तिथे भिंगातून बघत टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरले, की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. कौशल्याचं काम होतं, डोळे जायचे त्यात. त्या रिटचरने आईचा एकेक व्रण भरून काढला. फोटोतल्या बाईचे गाल सपाट आहेत आणि रंग बराच उजळ आहे. माझी मुलं तिला आजी म्हणून ओळखतात. मी नाही ओळखत. लहानपणी ज्या गालावर मी बोटं फिरवायचो, तो गाल आता कशातच उरलेला नाही.

पुढे ज्या स्टुडिओत मी उमेदवारी केली, तिथे स्थळासाठी फोटो काढायला मुली यायच्या. प्रिंट काढताना उजळ काढायची हा तिथला शिरस्ताच होता, कुणी सांगावं लागत नसे. माझ्या आतेबहिणीचाही फोटो तिथलाच. मुलाकडची मंडळी पोह्यांची बशी हातात घेऊन एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, हे मी समोर बसून पाहिलंय. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. ती मान खाली घालून बसली होती, आणि तिचा गुन्हा एवढाच होता की फोटोतली मुलगी घरात कुठेच नव्हती.

म्हणून मी हट्टी झालो. स्वतःचा स्टुडिओ काढल्यावर ‘जरा उजळ करा’ म्हणणारी किती गिऱ्हाइकं मी दारातून परत पाठवली असतील. लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली, शेजारचा दुकानदार रंगीत लॅब टाकून मोठा झाला. तुला हे सगळं ऐकवतोय, कारण परवा तू फोनवर म्हणालास, ‘सर, आता जमाना बदललाय.’ जमाना बदलल्याने काम सोपं झालं, इतकंच. पूर्वी चेहरा पुसायला रिटचर लागायचा, आता तुझा तूच पुसतोस. फिल्मस्टारांचे फोटो काढणाऱ्या गौतम राजाध्यक्षांच्या फोटोत सगळे देखणे दिसतात असंही तू म्हणालास. दिसतात ना! पण त्यांचं नाव झालं ते फिल्म रोलच्या जमान्यात, आणि त्या फोटोंमधला उजेड कुठून कसा आलाय हे एकदा नीट बस आणि बघ. डोळ्यांच्या बाहुलीतला पांढरा ठिपका शोध, दिवा कुठे होता ते तिथे कळतं. तेवढं शिकलास तरी कुठल्याही फोटोग्राफरशी शहाण्यासारखं बोलू शकशील.

नाकाचं उत्तर सोपं आहे. नाक ठीक आहे, हात आखूड आहे. सेल्फी काढताना मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ असतो आणि लेन्स रुंद असते. नाक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून ते फुगतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली याचा हिशेब मांडला होता. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. पोर्ट्रेटला आम्ही ८५ किंवा १०५ मिलिमीटरची लेन्स लावून पाच-सात पावलं मागे उभे राहतो ते उगीच नाही. सेल्फी बघून नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करणारा तू पहिला नाहीस, पण निदान माझ्या ओळखीतला शेवटचा हो.

पाणी बंद करण्याचं मात्र डोक्यातून काढून टाक. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये. बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवरची ती रीत आहे, तिथेही तिने माणसं दवाखान्यात गेली आहेत. तुझे ओठ फुटतील, डोळे खोल जातील, दिव्यांखाली उभं राहून चक्कर येईल. आणि समजा आले पोटावर कट्स, तर किती दिवस टिकतील? ऑडिशनचा फोन येईल महिन्याने. तोवर तू वरण-भात खाणारा तू झालेला असशील. म्हणजे पुन्हा तेच. दारातला वेगळा, फोटोतला वेगळा. व्यायाम कर, वर्षभर कर, आणि जे अंग वर्षभर तुझं असतं तेच कॅमेऱ्याला दाखव.

आदल्या दिवशी लोणचं, पापड, वेफर्स जरा कमी खा, खारट खाल्लं की सकाळी डोळ्यांखाली सूज येते. झोप. नवीन क्रीम, नवीन फेसवॉश, फेशियल यातलं काहीही त्या आठवड्यात नको. केस आठ दिवस आधी काप, म्हणजे ते बसतात. आणि त्या सकाळी सनस्क्रीन लावू नकोस. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलं की फ्लॅशमध्ये चेहरा पिठूळ येतो, आणि सावळ्या चेहऱ्यावर ते लगेच कळतं.

दाढी आत्ता आहे तशी ठेव. क्लीन शेव्हचेही फोटो हवे असतील तर दाढीचे आधी काढून घे, मग तिथेच दाढी कर, थंड पाण्याचा हात फिरव आणि लाली उतरेपर्यंत थांब. नंतर तू दाढी कायमची काढलीस तर जुने फोटो पाठवणं त्याच दिवशी बंद.

कपडे स्वतःचे आण. भाड्याचा ब्लेझर नको, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली लगेच दिसते आणि त्यात तू उभाही वेगळाच राहतोस. एकरंगी शर्ट घे. बारीक रेघांच्या आणि बारीक चौकड्यांच्या कापडावर कॅमेऱ्यात लहरी उमटतात. छातीवर कंपनीचं नाव नको. इस्त्री करून हँगरला लावून आण, बॅगेत कोंबून नको. घड्याळ आणि घट्ट मोजे दोन तास आधी काढ, रबराचे वळ जायला वेळ लागतो. मनगटातला गंडा काढायचा की ठेवायचा ते तुझं तू ठरव, रोज असतो तर मी ठेवला असता. तो फिका निळा शर्ट आण, कोपरावर विरलेला. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेतल्या प्रयोगानंतर भरत नाट्य मंदिराच्या बाहेर भेटलास तेव्हा अंगात होता तो.

त्या प्रयोगावरून आठवलं. आरशापुढे पोज घोटत बसू नकोस. आरशात तुला तुझा उलटा चेहरा दिसतो, तो दुसरं कुणी कधी बघत नाही. त्याऐवजी एकांकिकेतला तुकडा पाठ करून ये, बापाचं पत्र वाचतानाचा. तू मध्येच थांबला होतास आणि कागदाची घडी घालून पुन्हा उलगडली होतीस. मी मागच्या रांगेत होतो, तिथूनही तुझा चेहरा दिसला. मला तो चेहरा हवाय. फोटोग्राफरला सांग, मी बोलत राहतो, तुम्ही काढत राहा. ‘स्माइल प्लीज’ने जे येतं ते कुणाचंही असू शकतं.

आता पैसे. पाच लूकमध्ये तो तुला इन्स्पेक्टर करणार, गुंड करणार, सूटातला साहेब करणार. कास्टिंगवाल्याला तुझ्याकडे खाकी वर्दी आहे का हे बघायचं नसतं, ती त्यांच्याकडे असते. त्याला समोरून एक, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा आणि दात दिसतील असा एक हसरा, एवढे स्वच्छ फोटो पुरतात. मॉडेलिंगच्या एजन्सी तर आधी साधे फोटोच मागतात. कोरी भिंत, दिवसाचा उजेड, मेकअप नाही, अंगाबरोबर बसणारे कपडे. त्याला काही खर्च येत नाही. काम देतो पण आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या, असं जो को-ऑर्डिनेटर म्हणतो त्याला पुन्हा फोन करू नकोस.

आणि जे ठरेल ते लिहून घे. किती फोटो, कधी मिळणार, मोठ्या साइझमध्ये मिळणार का, आणि तो ते स्वतः कुठे वापरणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा असतो, दोघांत वेगळा करार नसेल तर. म्हणून हे लोक हक्क आपल्याकडे घेणारा एक कागद गडबडीत पुढे करतात. वाचल्याशिवाय सही करू नकोस, कोऱ्यावर तर नाहीच. सोबत मित्राला ने. मुलगा आहेस म्हणून एकट्याने जायचं असं काही नसतं. शर्ट काढायला सांगितलं आणि तुला नको वाटलं, तर नको म्हणायचं आणि कारण द्यायचं नाही. तिथेही तेच बघ. ऑडिशनला ज्या रूपात जाणार नाहीस, त्या रूपात फोटोही नको.

या पॅकेजचे पैसे भरू नकोस. आधी रूमवरच्या मित्राच्या हातात मोबाईल दे, त्याला सहा-सात फूट मागे उभं कर, खिडकीकडे तोंड करून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि उभ्याने असे फोटो काढून घे आणि मला पाठव. ते बघून कुणाकडे जायचं ते सांगतो, पुण्यात आणि मुंबईत दिव्याचे कष्ट घेणारी दोन-तीन माणसं आहेत. तोंड धुऊन काढ, आणि फिल्टर लावलेला एक जरी फोटो आला तरी उत्तर देणार नाही.